सात नंबरचा प्लेअर

बारा आले होते, थर्माकोलच्या खोक्यात,
काडेपेटीएवढे. हेडमास्तर झाडे सरांनी
एकेकाच्या पाठीवर नेलपॉलिशने नंबर घातले
आणि रजिस्टर आखलं : दिनांक, नाव, सही, नुकसान.

धडे मी भरले, मे महिन्यात,
ओट्याशी उभं राहून, रात्री अकरानंतर.
घरघर येते म्हणून कूलर बंद.
दिवसाचे शेचाळीस अंश भिंतींतून उतरत नव्हते
आणि मी त्या टिकलीएवढ्या भोकात सांगत होतो :
प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्यात तिरकस जाताना
आपली दिशा बदलतो.
मध्ये बायकोने फ्रिज उघडला, तेही त्यात आहे.
पोरं नंतर म्हणायची,
सर, अपवर्तनांकाच्या आधी तुम्ही पाणी पिता.

दहावी ब ने दोन दिवसांत
उरलेल्या जागेत गाणी कोंबली.
मी रागावलो नाही. म्हणजे रागावलो,
पण पुसली नाहीत.
डिंपल पराते धाकटीची वेणी घालताना
एक गोळी तिच्या कानात, एक स्वतःच्या,
अशी नागरिकशास्त्र ऐकायची.
धाकटी तिसरीत होती. राज्यसभेची मुदत
तिला अजून पाठ आहे.

सात नंबर टिकेश सोनकुसरेचा.
आंबिया बहार कळमन्यात उतरू लागला
आणि दिवाळीनंतर टिकेश आला नाही.
हजेरीत त्याच्या नावापुढे
मी आधी पेन्सिलीने गैरहजेरी लावत होतो.

जानेवारीत बहीण प्लेअर देऊन गेली.
रबरबँड गुंडाळलेला, संत्र्याच्या सालीचा वास.
'नुकसान'च्या रकान्यात पेन टेकवून
मी सहज लावून पाहिला.
माझा अपवर्तनाचा धडा नव्हता.
तिथे ट्रकचं इंजिन, कोणाचा तरी खोकला,
आणि मग तो, कोणाला तरी समजावत :

"पाय बे. उजेड म्हंजे आपला ठेला.
सिमेंट रोडवर कसा, सुसाट जाते ना?
आता समोर चिखल आला, अन् तू तिरपा घुसला.
कोणतं चाक पयले फसन? डावं.
उजवं अजून रोडवरच हाय, ते पयतेच.
मंग ठेला काय करन? वळन!
कोणी वळवला त्याले? कोणीच नाही.
एका चाकाले उशीर झाला, बस.
सरळ घुसला तर नाही वळत. सर म्हणते ना,
तिरकस, तिरकस... ते हे हाय.
आता पाण्यातली पेन्सिल तुटल्यासारखी काऊन दिसते..."

"ए टिक्या, गाडी लागली!"

पुढे चाळीस सेकंद नुसता खिसा.
क्रेटवर क्रेट. पावलं.

फळ्यावर एकवीस वर्षं मी बाण काढतोय.
त्यातल्या एकालाही चाकं नव्हती.

झाडे सर म्हणाले, ही काय भाषा झाली?
तरी बाराही प्लेअरमध्ये मी ते भरलं.
वर्गात आता एक मूल तरी विचारतंच :
सर, पेन्सिलीचं पुढचं?

रविवारी गेलो कळमन्याला,
सात नंबर चार्ज करून, शर्टाच्या खिशात.
ढिगापाशी छाटणी करत बसला होता,
लहान इकडे, डागी तिकडे, हात न थांबवता.
म्हणाला, सर, तुमचं पुसल्या गेलं माह्याकडून.
म्हटलं, अर्धंच आहे तुझं. पेन्सिलीचं राहिलं.
तो गाडीकडे बघत राहिला.

"तुटत नाही ना सर ते? दिसते फक्त."

पुढच्या वर्षीच्या सतरा नंबर फॉर्मचं
मी रस्ताभर घोकून आलो होतो, तारखांसकट.
त्यातलं एकही वाक्य निघालं नाही.
प्लेअर पुढे धरला.
त्याने हात पँटीला पुसले, उलटा करून नंबर पाहिला,
नेलपॉलिश अर्धं उडालं होतं.

चार्जिंग किती टिकते आता, त्याने विचारलं.